कर्ज दहा मिनिटांत, माहिती पंधरवड्याने

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मोबाइलवरून मिळणाऱ्या छोट्या कर्जांबद्दल आपल्या दैनिकात अलीकडे वाचकांची बरीच पत्रे आली. काहींचे म्हणणे असे, की गोरगरिबांना ॲपवरून कर्जे वाटून बँका स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत आहेत. काहींचे म्हणणे याच्या अगदी उलट, की बँकांचा एनपीए, म्हणजे थकीत कर्जाचे प्रमाण, एवढा खाली आलाय त्याअर्थी डिजिटलने बुडीत कर्जाचा प्रश्न निकालात काढला. मी राष्ट्रीयीकृत बँकेत आधी कर्ज विभागात आणि नंतर शाखाधिकारी म्हणून सोलापूर, धाराशिव आणि बीड जिल्ह्यांत नोकरी केली. आता निवृत्त होऊन बार्शीत राहते. जुने खातेदार आणि बचत गटांच्या बायका अजूनही कागद घेऊन घरी येतात, त्यामुळे या विषयाशी संबंध तुटलेला नाही. मला दोन्ही बाजू अर्ध्याच वाटतात. पत्र लांबले आहे, पण शक्यतो काटछाट न करता छापावे ही विनंती.

आधी गरिबांच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांशी बोलते. मार्च २०१८ मध्ये देशातल्या वाणिज्य बँकांचा ढोबळ एनपीए ११ टक्क्यांच्या वर होता. म्हणजे शंभर रुपये कर्ज दिलेले असेल तर त्यातले अकरा रुपये अडकलेले. त्यातला मोठा वाटा पोलाद, वीज, रस्ते, बांधकाम अशा मोठ्या प्रकल्पांचा होता. मुख्य कार्यालयात मंजूर झालेली, जाडजूड प्रकल्प अहवाल जोडलेली ही कर्जे. त्याच काळात आमच्या तालुक्याच्या शाखेत बचत गटांचे हप्ते महिन्याच्या महिन्याला येत होते. तरीही ‘बँका बुडाल्या’ म्हटले की खापर फुटायचे ते लहान कर्जदारावर.

छोट्या माणसाला बँक कर्ज द्यायला का कू करायची, त्याचे खरे कारण धोका हे नव्हतेच. कारण होते खर्चाचे. दहा हजारांच्या कर्जाला जेवढे कागद, तेवढेच दहा लाखांच्या कर्जाला. पाहणीला जाणारा अधिकारी तोच, त्याचा मोडणारा दिवसही तोच. दहा हजारांवर वर्षभरात व्याज मिळून मिळून किती मिळणार? शाखा टाळाटाळ करायच्या आणि माणूस भिशीकडे नाहीतर सावकाराकडे वळायचा. हे चक्र डिजिटलने मोडले. ऑगस्ट २०१४ पासून जनधन खाती निघाली, आधारवर केवायसी होऊ लागले, एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आले. खाते उघडणे, माणूस ओळखणे, पैसे देणे आणि हप्ता वसूल करणे या चारही गोष्टींचा खर्च काही रुपयांवर आला. पथविक्रेत्यांसाठीची स्वनिधी योजना २०२० मध्ये दहा हजारांपासून सुरू झाली. तेव्हा ते फेडले की वीस, ते फेडले की पन्नास हजार मिळायचे. कागदावर ज्याची काहीच पत नव्हती त्याची पत पायरीपायरीने उभी राहिली. हे काम मोठे आहे. ज्यांना बँकेच्या दारात अर्धा अर्धा दिवस बसून राहावे लागले नाही, त्यांना त्याची किंमत चटकन कळणार नाही.

कर्जाच्या धोक्यावर याचा काय परिणाम होतो, ते एका उताऱ्यावरून सांगते. एसटी स्टँडाजवळ चहाचा गाडा चालवणाऱ्या एका बाईंना गाडा बदलून छोटे दुकान घ्यायचे होते. त्यासाठी मुद्रा योजनेत पन्नास हजार मागायचे होते. खात्याचा सहा महिन्यांचा उतारा घेऊन त्या माझ्याकडे आल्या आणि आम्ही दोघींनी तो ओळीओळीने वाचला. त्यांच्या परवानगीने, ओळख न देता लिहिते आहे.

जमा बाजू वाचताना मला खरोखर आनंद झाला. पहाटे पावणेसहाला पहिले दहा रुपये. मग दहा, वीस, दहा, तीस, पुन्हा दहा. साडेनऊनंतर ओघ आटतो, चारला पुन्हा सुरू होतो. आठवडी बाजाराच्या दिवशी जमा दीडपट. आषाढीच्या आधी वारकऱ्यांची वर्दळ असते तेव्हा दुप्पट. पावसाच्या झडीचे दिवस रोडावलेले. त्यांच्या नणंदेच्या घरी लग्न होते तेव्हा तीन दिवस काहीच नाही. माझ्या वेळी हे समजून घ्यायला गाड्याशेजारच्या बाकावर बसून पेले मोजावे लागत. दूधवाल्याला गाठून विचारावे लागे, की ही बाई रोज किती लिटर दूध घेते आणि महिन्याची उधारी वेळेवर देते का. (दूधवाल्याच्या शब्दावर मी जेवढी कर्जे दिली तेवढी ताळेबंद पाहून दिली नसतील.) आता तीच माहिती, तारीख आणि वेळेसह, बँकेच्या स्वतःच्या संगणकात पडलेली असते. बाई धंदा करते, रोज करते, एवढा करते, हे सिद्ध करायला तिला कोणाच्या शिफारशीची गरज नाही. माहिती जितकी खरी तितका धोका कमी, आणि तेवढ्यापुरते डिजिटलचे कौतुक करणारे वाचक बरोबर आहेत.

पण त्याच उताऱ्याची नावे बाजू, म्हणजे पैसे जाण्याची बाजू, वाचा. तीन तारखेला ११८० रुपये आपोआप वळते झाले. पाच तारखेला २३४० गेले. सात तारखेला ८६० जायचे होते, पण खात्यात शिल्लक नव्हती. हप्ता परत गेला आणि त्यामागोमाग दंड लागला. बँकेचा दंड वेगळा, कर्ज देणाऱ्या कंपनीचा वेगळा, वर जीएसटी. नऊ तारखेला एकरकमी ७४०० रुपये जमा. हे चहाचे पैसे नव्हते. हे नवे कर्ज होते, आठ हजार मंजूर होऊन शुल्क कापून आलेले. त्याच संध्याकाळी सात तारखेचा राहिलेला हप्ता भरला गेला आणि दुसऱ्या एका कर्जाचा पुढचा हप्ताही. शिवाय गटाच्या कर्जाचा आठवड्याचा हप्ता त्या रोखीने देत होत्या. तो तर उताऱ्यात दिसतच नव्हता.

बाई उधळ्या नाहीत. पहिले कर्ज मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी काढलेले, दुसरे फ्रीजसाठी. तिसरे आणि चौथे कर्ज मात्र पहिल्या दोघांचे हप्ते भागवण्यासाठी. आमच्या भागात पीककर्जाचे ‘नवं-जुनं’ करतात, म्हणजे मार्चअखेर उसनवारीने जुने कर्ज भरायचे आणि आठवड्याभरात नवे उचलून उसने परत करायचे. तेच आता मोबाइलवर दर महिन्याला होते. फरक एवढाच, की पीककर्जाचे नवं-जुनं एकाच शाखेत व्हायचे आणि शाखाधिकाऱ्याला ते माहीत असायचे. इथे प्रत्येक वेळी कर्ज देणारा नवा असतो आणि त्याला आधीच्याचा पत्ता नसतो.

पत्ता का नसतो, हाच माझ्या पत्राचा मुद्दा आहे. मुद्रा कर्जासाठी बँकेने त्या बाईंचा पतमाहिती अहवाल काढला, ज्याला लोक सरसकट ‘सिबिल’ म्हणतात. त्यात चारपैकी दोनच कर्जे दिसत होती. पतमाहिती कंपन्यांचा कायदा २००५ चा आहे. कर्ज देणाऱ्यांनी या कंपन्यांना माहिती पाठवायची ती पूर्वी महिन्यातून एकदा. १ जानेवारी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने ती पंधरवड्याला पाठवणे बंधनकारक केले आणि नंतर आठवड्यावर आणण्याचा मसुदाही काढला. दिशा चांगली आहे, त्याबद्दल रिझर्व्ह बँकेचे आभारच मानले पाहिजेत. पण पंधरवड्याची माहिती तयार होऊन पोचायला आणखी काही दिवस जातात, आणि कर्ज मंजूर होते दहा मिनिटांत. या मधल्या दिवसांत एक माणूस पाच ठिकाणी कर्ज घेऊ शकतो आणि पाचही ठिकाणी त्याचा अहवाल स्वच्छ दिसतो. पाचही ठिकाणी हिशेब होतो तो एकाच कर्जाचा. जुन्या काळी असा माणूस पाच बँकांची दारे झिजवायचा, त्यात दोन-तीन महिने जायचे आणि तेवढ्या काळात गावात बोलबाला व्हायचा. तो उशीर गैरसोयीचा होता हे खरे, पण बँकेला सावध व्हायला त्यातूनच वेळ मिळायचा. आपण कर्ज देण्याचा वेग शंभरपट वाढवला आणि कळण्याचा वेग दुपटीने. बँकेचा धोका या दोन वेगांच्या मधल्या फटीत मुरतो आहे.

काही जण म्हणतील, की अकाउंट अ‍ॅग्रिगेटर आहे ना? सप्टेंबर २०२१ मध्ये मोठ्या बँका त्यात आल्या आणि ग्राहकाच्या संमतीने त्याची दुसऱ्या बँकेतली खातीही पाहता येऊ लागली. सोय उत्तम आहे. पण ग्राहक जे खाते जोडतो तेच दिसते. चार हप्ते ज्या खात्यातून जातात ते त्याने जोडलेच नाही, तर बँकेला काय कळणार?

आता एनपीएच्या आकड्याबद्दल. मार्च २०२५ मध्ये वाणिज्य बँकांचा ढोबळ एनपीए २.३ टक्क्यांपर्यंत उतरला होता. ही समाधानाची गोष्ट आहे आणि त्यात दिवाळखोरी कायद्यापासून मोठी बुडीत कर्जे निर्लेखित करण्यापर्यंत, म्हणजे वहीतून काढून टाकण्यापर्यंत, अनेक कारणांचा वाटा आहे. पण या आकड्यावरून छोट्या डिजिटल कर्जांची तब्येत ठरवू नका. शंभर कोटींच्या कर्जात चार कोटी थकीत असतील तर एनपीए चार टक्के. तीच बँक वर्षभरात एकशे साठ कोटींवर गेली आणि थकीत तेवढेच राहिले, तर तो अडीच टक्के दिसतो. थकलेला एक रुपयाही वसूल झालेला नसतो, फक्त भागाकाराचा छेद वाढलेला असतो. नवे कर्ज पहिल्या महिन्यात थकत नाही, त्याला मुरायला वेळ लागतो. शिवाय नऊ तारखेला नवे कर्ज काढून सात तारखेचा हप्ता भरणारी बाई सर्वांच्या दफ्तरी नियमितच दिसते. नव्वद दिवस थकल्याशिवाय खाते एनपीए होत नाही, आणि ज्याला दर महिन्याला नवे कर्ज मिळते त्याचे नव्वद दिवस कधी भरतच नाहीत. ज्या दिवशी सगळे कर्ज देणारे एकदम हात आखडता घेतात त्या दिवशी ही सर्व खाती एकदम थकतात. आंध्र प्रदेशात २०१० मध्ये सूक्ष्मवित्त संस्थांच्या, म्हणजे गरिबांना छोटी विनातारण कर्जे देणाऱ्या संस्थांच्या, बाबतीत थेट हेच घडले. एकाच बाईला चार-पाच संस्थांची कर्जे, जुने फेडायला नवे. ऑक्टोबरात राज्य सरकारने या संस्थांना लगाम घालणारा अध्यादेश काढला आणि त्यानंतर वसुली कोसळली. त्या संस्थांना पैसा पुरवणाऱ्या बँकांनाही झळ बसली. त्यातून रिझर्व्ह बँकेची मालेगाम समिती नेमली गेली आणि पुढे नियम आले.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘ही कर्जे ॲपवाल्या कंपन्यांची, वाणिज्य बँकांचा काय संबंध?’ असे पुष्कळ लोक विचारतात. संबंध असा, की वित्त कंपन्या स्वतःचा पैसा थोडाच वापरतात, बाकीचा बँकांकडून उचलतात. माझ्या जुन्या बँकेने त्या चहावाल्या बाईंना थेट कर्ज दिलेले नसेल; पण ज्या वित्त कंपनीने दिले तिला बँकेने दिलेले असते, आणि पुष्कळदा अशा दोन-तीन कंपन्यांना. मग बँक स्वतःही मुद्रा कर्ज देते. कागदोपत्री हे वेगवेगळे कर्जदार आहेत आणि बँकेचा समज असा होतो, की आपला धोका विभागला गेला. प्रत्यक्षात सगळी वसुली पहाटे पावणेसहाला सुरू होणाऱ्या एकाच गाड्यातून व्हायची असते.

रिझर्व्ह बँकेच्या हे ध्यानात आले होते. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी तिने विनातारण ग्राहक कर्जांवरचा जोखीम-भार १०० वरून १२५ टक्क्यांवर नेला आणि बँकांनी वित्त कंपन्यांना दिलेल्या कर्जांवरचा भारही वाढवला. म्हणजे अशा कर्जांसाठी बँकेने स्वतःचे भांडवल जास्त बाजूला ठेवायचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये वित्त कंपन्यांच्या कर्जांवरची ही वाढ मागे घेण्यात आली. वाढवले तेव्हा योग्य होते. मागे घेण्याआधी माहितीची फट बुजवायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

सूक्ष्मवित्ताचा २०२२ चा नियम तर फार विचारपूर्वक केलेला आहे. वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला दिलेले कोणतेही विनातारण कर्ज, मग ते कागदावर दिलेले असो की ॲपवरून, सूक्ष्मवित्त कर्ज धरायचे. आणि त्या कुटुंबाचे सर्व हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. हा नियम पाळला गेला तर निम्मी दुखणी होणारच नाहीत. पण तो कुठे निसटतो ते पाहा. ॲपमध्ये उत्पन्नाचा एक रकाना असतो. त्या बाईंचा फॉर्म मोबाइल दुकानातल्या मुलाने भरून दिला होता. त्याने मासिक उत्पन्न तीस हजार लिहिले. का, तर ‘कमी लिहिले की कर्ज येत नाही’. तीस हजाराचे वर्षाला तीन लाख साठ हजार होतात, म्हणजे कुटुंब मर्यादेबाहेर, म्हणजे निम्म्या हप्त्याचा नियम लागूच नाही. एका रकान्यातल्या एका आकड्याने सगळे संरक्षण गेले, कर्जदाराचेही आणि बँकेचेही. तो आकडा कोणी तपासला? दूध-साखर-गॅस वजा जाता त्यांच्या हातात महिन्याला चौदा-पंधरा हजार उरतात, हे उतारा पाहणाऱ्या कोणालाही अर्ध्या तासात कळले असते.

शेतकरी कुटुंबांची गोष्ट आणखी वेगळी आहे आणि ती बँकेबाहेरच्या लोकांना सहसा माहीत नसते, म्हणून जरा खोलात जाते. आमच्याकडे सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आगेमागे येतो आणि तुरीचा संक्रांतीनंतर. मधले महिने कोरडे. बँकांच्या नियमांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली आहे. कमी मुदतीच्या पिकासाठी दिलेले कर्ज लगेच थकीत गणले जात नाही, दोन हंगाम उलटून गेल्यावर ते एनपीए होते. पण त्याच शेतकऱ्याने जूनमध्ये बियाण्याला कमी पडले म्हणून मोबाइलवर पंधरा हजार घेतले, तर ते वैयक्तिक कर्ज. हप्ता जुलैपासून, दर महिन्याला. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर या तीन महिन्यांत त्याच्या खात्यात पैसा येण्याचे काही कारणच नाही. ऑक्टोबरात सोयाबीन बाजार समितीत उतरायच्या आधी नव्वद दिवस उलटतात आणि खाते एनपीए.

आणि गोष्ट तिथे थांबत नाही. एनपीए ठरतो तो कर्जदारावर, खात्यावर नव्हे. एका बँकेत एका माणसाचे एक खाते एनपीए झाले, की त्या बँकेतली त्याची सगळी कर्जखाती एनपीए. आता पुष्कळ बँका एखाद्या ॲपशी करार करून त्याच्यामार्फत छोटी कर्जे स्वतःच्या वहीत घेतात. समजा त्या पंधरा हजारांचे कर्ज अशा रीतीने त्याच बँकेच्या वहीत आले जिथे त्याचे दोन लाखांचे किसान क्रेडिट कार्ड आहे. पंधरा हजारांच्या हप्त्यापायी दोन लाखांचे चांगले पीककर्जही एनपीए होते. बँकेला त्यावर तरतूद करावी लागते, म्हणजे नुकसानीपोटी पैसा बाजूला ठेवावा लागतो, शेतकऱ्याचा व्याज सवलतीचा मार्ग बंद होतो, पुढच्या खरिपाला कर्ज मिळत नाही आणि तो सावकाराकडे जातो. पीक चांगले आले होते, फेडायची नियत होती, पैसाही येणार होता. हा धोका शेतकऱ्याने आणलेला नाही. हप्त्याची तारीख ठरवणाऱ्याने आणलेला आहे. सातबारा संगणकावर आहे, २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी आहे, कोणत्या गटात काय पेरले ते शासनाच्या दफ्तरी नोंदलेले आहे. ज्या तंत्राला दहा मिनिटांत कर्ज देता येते त्याला हप्ता नोव्हेंबरात लावता येत नाही, हे मी मानायला तयार नाही.

राहिला जबाबदारीचा प्रश्न. कर्ज मंजूर करणारा एक आणि बुडाले तर सोसणारा दुसरा, अशी व्यवस्था झाली की धोका वाढणारच. चीनमध्ये अँट ही कंपनी मोबाइलवरून अफाट कर्जे वाटत होती, पण त्यातल्या सुमारे ९८ टक्के रकमेचा भार बँका आणि इतर गुंतवणूकदारांवर होता. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या नियामकांनी तिची भागविक्री ऐन वेळी थांबवली आणि अशा मंचांनी सहकर्जात, म्हणजे बँकेसोबत मिळून दिलेल्या कर्जात, किमान ३० टक्के स्वतःचे घातले पाहिजेत असा नियम आणला. आपल्याकडे २०२२ च्या नियमांनी कर्जाचा पैसा मधल्या कोणाच्या खात्यात न जाता थेट कर्जदाराच्या खात्यात जाऊ लागला, आणि जून २०२३ मध्ये ॲपवाल्या कंपनीने बँकेला द्यायच्या नुकसानहमीवर, म्हणजे कर्ज बुडाले तर भरून द्यायच्या रकमेवर, ५ टक्क्यांची मर्यादा आली. मर्यादा योग्यच आहे, नाहीतर बँका सगळा भार हमीवर टाकून झोपी जातील. पण याचा दुसरा अर्थ असा, की सहाव्या टक्क्यापासून पुढचे नुकसान पूर्णपणे बँकेचे, आणि कर्जदार निवडला मात्र ॲपने. सहकर्जात वित्त कंपनीने स्वतःकडे किमान २० टक्के ठेवायचे असा २०२० चा नियम होता. २०२५ च्या नव्या नियमांत तो वाटा १० टक्क्यांवर आला. तो निम्मा करायला नको होता. दारात जाऊन कर्ज देणाऱ्याचे स्वतःचे पैसे अडकलेले असले, की तो उत्पन्नाचा रकाना नीट वाचतो.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. पन्नास हजारांखालचे प्रत्येक डिजिटल कर्ज मंजूर होताच त्याच क्षणी पतमाहिती कंपनीकडे नोंदले गेले पाहिजे, आणि ती नोंद झाल्याखेरीज रक्कम खात्यात जाता कामा नये. हे अशक्य नाही. त्याच बाईंच्या गाड्यावर दहा रुपये जमा झाले की साउंडबॉक्स त्याच सेकंदाला मराठीतून सांगतो. दहा रुपयांच्या चहाची नोंद लगेच होते, तर आठ हजारांच्या कर्जाची का होऊ नये? ज्यांच्या नावावर सातबारा किंवा किसान क्रेडिट कार्ड आहे त्यांच्या छोट्या कर्जांचे हप्ते पिकाच्या पैशाशी जोडावेत. आणि उत्पन्नाचा आकडा माणसाने तपासावा.

यासाठी नवा माणूस नेमायची गरज नाही. प्रत्येक मोठ्या गावात बँक मित्र आहे. अंगठा लावून पैसे काढून देणे, खाती उघडणे, विम्याचे फॉर्म भरणे ही कामे तो करतो आणि त्याला व्यवहारामागे अगदी किरकोळ कमिशन मिळते. कोणाची म्हैस आटली, कोणाचा मुलगा पुण्याला कामाला लागला, कोणाच्या दारात तीन-तीन कंपन्यांचे वसुलीवाले येतात, हे त्याला सगळे ठाऊक असते. पण कर्ज देताना त्याला कोणी विचारत नाही. एका पाहणीमागे शे-दोनशे रुपये देऊन त्याचा लेखी अभिप्राय घेतला, तर बँकेला कितीतरी थकीत खाती टाळता येतील. फक्त तो अभिप्राय कर्ज वाटपाच्या कमिशनशी जोडू नका, नाहीतर तोही मोबाइल दुकानातल्या मुलासारखा तीस हजार लिहील.

त्या बाईंच्या बाबतीत शाखेतल्या तरुण अधिकाऱ्याने उतारा स्वतः वाचला. चारही कर्जांची थकबाकी विचारून घेतली आणि दुकानासाठी पन्नास हजार देण्याऐवजी आधी सर्वांत महाग दोन कर्जे फेडायला सांगून सहा महिन्यांनी यायला सांगितले. बाई नाराज होऊन माझ्याकडे आल्या होत्या. मी अधिकाऱ्याची बाजू घेतली आणि आम्ही फेडीचा तक्ता करून दिला. त्याप्रमाणे त्या भरत आहेत. असे उतारे वाचायला त्या शाखेत दोनच माणसे आहेत आणि रोजचे अर्ज त्यांच्या आवाक्याबाहेर आहेत, हेही आपल्या वाचकांना कळावे.

जिल्ह्यातल्या सर्व बँकांचा मेळ घालणाऱ्या जिल्हा अग्रणी बँकेच्या तिमाही बैठकीत किती कर्ज वाटले याचा तक्ता दर वेळी मांडला जातो. त्यात आणखी दोन रकाने घालावेत, अशी माझी जिल्हाधिकाऱ्यांना आपल्यामार्फत विनंती आहे: ॲपमार्फत आलेली किती कर्जे बँकांच्या वहीत आहेत, आणि छोट्या डिजिटल कर्जाच्या थकबाकीमुळे किती पीककर्ज खाती एनपीए झाली. दुसरा आकडा आज कोणीही वेगळा काढत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या बँक मित्रांनी आणि शाखांतल्या कृषी अधिकाऱ्यांनी याबाबतचे आपले अनुभव याच सदरात लिहून पाठवावेत. बैठकीपूर्वी ते छापून आले तर मी कात्रणे घेऊन स्वतः अग्रणी बँकेच्या कार्यालयात जाईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शाखाधिकारी
बार्शी, जि. सोलापूर